कोमट पाणी

धाकटी पोटासाठी काय करते, हे ताईने एकदा शेजारणीला सांगितलं होतं ते असं: "आमची धाकटी सुतावरून स्वर्ग गाठते, आणि त्याचा तिला पगार मिळतो." शेजारीण हसली आणि धाकटी फणकारली. पण खरं सांगायचं तर तिच्या कामाचं याहून नेमकं वर्णन तिच्या विभागप्रमुखांनाही कधी जमलं नव्हतं.

काम होतं शरीराच्या आतलं चित्र काढण्याचं, तेही कुठे न कापता. प्रकाशाचा एक क्षणभराचा झोत कातडीवर टाकायचा. आतलं रक्त तो प्रकाश पितं, अगदी किंचित तापतं, किंचित फुगतं आणि फुगताना बारीकसा आवाज करतं. माणसाला तो ऐकू येत नाही. म्हणून पाण्याने भरलेल्या एका मोठ्या भांड्याच्या कडेने गोलाकार, अगदी जवळजवळ, बारीक यंत्रं बसवलेली होती. संस्थेत सगळे त्यांना 'कान' म्हणत. रोगट गाठ उठून दिसावी म्हणून सोन्याचे कण आधी शिरेतून सोडायचे, तेही असे की धुळीचा कण त्यांच्यापुढे डोंगर वाटावा. ते गाठीत जाऊन बसतात आणि प्रकाश पडला की रक्तापेक्षा मोठ्याने ओरडतात. इथवरचं काम यंत्राचं, पुढचं धाकटीचं. कुठल्या कानाला आवाज कधी पोचला, एवढंच तिच्या हाती यायचं. त्यावरून उलट्या पावली जाऊन तो निघाला कुठून, हे तिने शोधायचं. अंधाऱ्या घरात भांडं पडलं तर आपण अंथरुणातूनच सांगतो की ते कुठल्या खोलीत पडलं. तिचं गणित हेच करायचं, फक्त एकाच वेळी हजारो भांडी पडलेली असायची.

हे गणित तिला फार आवडायचं. इतकं की ज्या माणसांची चित्रं ती काढायची, त्यातलं एकही माणूस तिने कधी पाहिलं नव्हतं. यंत्र तळमजल्यावर होतं आणि ती वरच्या मजल्यावर आकड्यांत बसलेली असायची. आणि मग एक दिवस खालच्या यंत्रात घालायचा हात ताईचा निघाला.

आई गेली तेव्हा धाकटीला चपलेची डावी-उजवी कळत नव्हती. ताईलाही तशी फार अक्कल नव्हती, पण आणायची कुणाकडून? तिने शाळा सोडली आणि पुढच्या खोलीत शिवणाचं मशीन मांडलं. धाकटीने पाढे पाठ केले ते त्या मशीनच्या खडखडाटात. ताईचा हातखंडा होता कोटाच्या काजांचा. काज मशीनवर करणारे पुष्कळ. ताई हाताने करायची, आणि तिने केलेलं काज कोट फाटला तरी उसवत नाही, असं गिऱ्हाईकं म्हणायची. बोटांच्या चिमटीत सुई आणि मागून अंगठ्याचा दाब. सगळी करामत त्या अंगठ्याची होती.

गाठ आली तीही नेमकी त्याच अंगठ्याच्या मुळाशी, तळव्यात. ताईने कितीतरी दिवस ती अंगावर काढली. "सुई टोचली असेल," म्हणायची. अखेर धाकटीने तिला जवळजवळ ओढतच दवाखान्यात नेलं, आणि तिथे कळलं की गाठ वाईट आहे, पण अजून लहान आहे. सर्जन शांत स्वभावाचे, कमी बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी टेबलावरच्या कागदावर हात काढला, अंगठ्याला रक्त नेणारी शीर काढली आणि म्हणाले, "गाठ या शिरेच्या नुसती शेजारी असेल, तर मी ती काढतो आणि अंगठा राहतो. पण तिने शिरेला वेढा घातला असेल, तर अंगठा ठेवून भागायचं नाही. नेहमीच्या तपासण्यांत इतकं बारीक दिसत नाहीये. तुमच्या संस्थेतलं ते नवं यंत्र आहे ना, त्यात बघूया."

तर असा तो हात तळमजल्यावर आला. सोन्याचे कण आदल्या दिवशी देऊन झाले होते. यंत्र चालवणारी तंत्रज्ञ मुलगी मोठी चटपटीत होती. तिने ताईला खुर्चीवर बसवलं, बाही दुमडली, हात भांड्यात कसा ठेवायचा ते दाखवलं. ताईने बोटं बुडवली आणि लगेच बाहेर काढली.

"अगं बाई! हे पाणी आहे का बर्फ?"

"जरा गार आहे खरं," तंत्रज्ञ म्हणाली, "पण सवय होते. फक्त हात हलवायचा नाही."

ताईने पुन्हा हात घातला. तो हलायचा थांबेना. तिला थंडी तशी सोसत नव्हतीच, त्यातून पोटात भीती. हात भांड्यात थडथड कापत होता आणि ताई उगाच हसत होती. धाकटीला ते हसणं बघवेना. तिने कोपऱ्यातली चहाची किटली उचलली, पाणी गरम केलं आणि भांड्यातलं थोडं गार पाणी काढून त्यात हे ओतलं. मग स्वतःचा हात घालून ढवळलं, पुन्हा थोडं ओतलं, पुन्हा ढवळलं.

"मॅडम, असं चालेल ना?" तंत्रज्ञाने विचारलं.

"न चालायला काय झालं? पाणीच तर आहे," धाकटी म्हणाली.

ताईचा हात शांत झाला. "हां, आता कसं," ती म्हणाली, आणि तिने डोळे मिटून घेतले. यंत्राने टकटक सुरू केली. धाकटी शेजारी उभी राहून ताईच्या पाठीवर हात फिरवत राहिली. इतकी वर्षं ताईने तिचं केलं, आज तिला ताईसाठी एवढंसं काही करता आलं, याचं तिला मनातून फार बरं वाटत होतं.

चित्र आलं ते वाईट आलं. अंगठ्याची शीर आणि तिच्याभोवती सोन्याचं पिवळंजर्द कडं, सगळीकडून बंद. सर्जनांनी ते बराच वेळ पाहिलं. ताईला समोर बसवून त्यांनी सरळच सांगितलं, "वेढा घातलाय. माझ्या मते अंगठा काढावा लागेल. परवा सकाळी करू. उशीर नको."

ताई म्हणाली, "बरं."

एवढंच म्हणाली. धाकटीला वाटलं, ताई आता तरी रडेल. ताई घरी गेली आणि तिने डाव्या हाताने सुईत दोरा ओवायला घेतला. दोरा जाईना. ती जीभ दातांत धरून, दिव्याजवळ सरकून पुन्हा पुन्हा ओवत बसली. शेवटी एकदा गेला, तशी म्हणाली, "बघ, येतंय की. म्हातारपणी नवीन विद्या." धाकटीने तोंड फिरवलं आणि चहा करायच्या निमित्ताने आत जाऊन नळ सोडून रडली.

दुसऱ्या दिवशी ती संस्थेत गेली ती केवळ घरात बसवत नव्हतं म्हणून. चित्र पडद्यावर उघडलं. सर्जनांनी पाहिलं होतं तेच पुन्हा बघून काय मिळणार होतं? पण तिने मनाशी ठरवलं होतं की जे काही हाती आहे ते नीट बघायचं. बघायला गेली तर त्या कड्याकडे बघवेना. नजर तिथे गेली की डोळे भरत. म्हणून ती चित्रात इकडेतिकडे भटकू लागली. बोटांकडे, मनगटाकडे, तळव्याच्या कडेला. ताईचा हात होता तो. या हाताने वेण्या घातल्या होत्या, घास भरवले होते आणि प्रसंगी दोन धपाटेही घातले होते.

करंगळीखाली, तळव्याच्या कडेला ताईला एक तीळ होता. लहानपणी झोप येत नसली की धाकटी तो अंधारात बोटाने चाचपायची. तीळ काळा, म्हणजे प्रकाश पिणार. चित्रात तो दिसणारच. आणि दिसत होताच. पण तीळ ठिपक्यासारखा दिसायला हवा होता. पडद्यावर होतं ते एक कडं होतं, बारीक, गोल आणि मधे पोकळ.

धाकटी खुर्चीत ताठ झाली. तिळाला कसलं कडं? त्याने कुणाला वेढा घातलाय? तिने मनगटाकडची एक बारीक शीर मोठी करून पाहिली. ती एक नव्हती, दोन समांतर रेषा होत्या. शेजारचीही तशीच. या हातात जे जे बारीक होतं ते ते दुहेरी झालं होतं, आणि सगळीकडे जवळपास तेवढ्याच अंतराने.

असं कधी होतं, हे जगात कुणाला विचारायचं तर तिलाच विचारलं असतं. आवाजाचा पाण्यातला वेग चुकीचा धरला की असं होतं. पाणी जेवढं उबदार, तेवढा त्यात आवाज जोरात धावतो. तिच्या गणितात वेगाचा एकच आकडा होता, त्या खोलीतल्या गार पाण्याचा, तिनेच कधीकाळी भरलेला. पाणी नेहमी तेच, खोली तीच, म्हणून रोजच्या रोज ते मोजायची कुणाला गरज वाटली नव्हती. कोमट पाण्यातून आवाज लवकर पोचला. गणिताला वाटलं, लवकर आला म्हणजे जवळून आला. उजवीकडच्या कानांनी ठिपका आपल्याकडे ओढला, डावीकडच्यांनी आपल्याकडे. भोवतीच्या सगळ्यांनीच ओढला आणि ठिपक्याचं कडं झालं.

पाणीच तर आहे, असं ती म्हणाली होती. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, तो हा असा. संस्थेत कुणीही पाण्याला हात लावला असता तर तिने त्याला फाडून खाल्लं असतं. पण त्या दिवशी ती गणिताची बाई म्हणून खाली गेलीच नव्हती, ताईची धाकटी बहीण म्हणून गेली होती, आणि त्या बहिणीला आवाजाच्या वेगाचं काय? तिला स्वतःचा भयंकर राग आला, आणि त्या रागातच एक आशा उठली. गाठीचं कडंही खोटं असेल तर?

पुन्हा चित्र काढायला वाव नव्हता. गाठीतलं सोनं एव्हाना ओसरलं होतं आणि ते दुसऱ्यांदा देण्याची परवानगी नव्हती. पण नोंदवलेले आवाज होते. वेगाचा आकडा बदलून तेच गणित पुन्हा करता येत होतं. बदलून किती करायचा, एवढाच प्रश्न होता. ते पाणी किती कोमट होतं हे फक्त धाकटीच्या हाताला ठाऊक होतं, आणि हात आकडे सांगत नाही.

तिने आकडा जरा वाढवला. गाठीचं कडं हललं. शिरेच्या एका बाजूने ते पातळ झालं, तिथे फट पडल्यासारखी वाटली. आणखी थोडा वाढवला असता तर फट रुंद झाली असती. तिचं बोट कळीवर होतं आणि जीव त्या फटीत अडकला होता. आणि त्याच क्षणी तिला स्वतःची भीती वाटली. हवं ते दिसेपर्यंत ती आकडा फिरवत बसणार होती. हवं ते दिसलं की तोच आकडा खरा, अशी स्वतःची समजूत घालणार होती. तिच्या धंद्यातलं सगळ्यात मोठं पाप हेच, आणि ती ते ताईच्या मायेपोटी करायला निघाली होती. चित्र चुकीचं निघालं तर अंगठा राहिला असता, गाठीचा तुकडाही राहिला असता आणि ताई गेली असती.

तिने तंत्रज्ञ मुलीला वर बोलावलं. घडलं ते सगळं सांगितलं, किटलीसकट. मुलीचा चेहरा पडला. "मॅडम, मी पण तिथेच होते."

"तू विचारलंस. मी 'चालेल' म्हटलं. तू मनाला लावून घेऊ नकोस. आता एक काम कर. एक कोरा कागद घे आणि पडद्यावरचा हा अंगठ्याकडचा भाग झाक. चारी बाजूंनी चिकटपट्टी लाव. मी म्हणेपर्यंत काढू नकोस. म्हणजे, मी म्हटलं तरी काढू नकोस. तिळाचा ठिपका झाला असं तुला स्वतःला पटेल, तेव्हाच काढ."

पडद्यावर तीळ तेवढा उरला. धाकटी आकडा एकेक पायरीने वाढवू लागली. कडं आकसलं. आणखी आकसलं. मधली पोकळी बुजली, आणि करंगळीखाली ताईचा तीळ उभा राहिला, लहानसा आणि भरीव. धाकटीने तिथे थांबून न राहता आकडा पुढेही नेला. ठिपका पुन्हा फुटला, पुन्हा कडं झालं. मागे आणलं, ठिपका. मुलीने मान पुढे काढून पाहिलं आणि म्हणाली, "हाच, मॅडम. याच्या अलीकडे नाही, पलीकडे नाही." मनगटाच्या दुहेरी शिराही आता एकेरी झाल्या होत्या.

"मग काढ कागद," धाकटी म्हणाली आणि तिनेच डोळे मिटले.

चिकटपट्टी सुटल्याचा आवाज झाला. धाकटीने डोळे उघडले. कडं गेलं होतं. शिरेच्या एका बाजूला सोन्याचा एक लहानसा गोळा होता, आणि गोळा व शीर यांच्यामध्ये काळी फट होती. बारीक, पण होती.

सर्जनांनी सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग चष्मा काढला. "मॅडम, तुमची बहीण आहे म्हणून विचारतो, रागावू नका. तीळ वर कातडीवर, गाठ आत मांसात. आतही हाच वेग धरायचा?"

"थोडा फरक पडतो," ती म्हणाली. "तो धरूनही मी करून पाहिलं. गोळा केसभर सरकतो. फट त्याच्याहून मोठी आहे." मग तिनेच पुढे म्हटलं, "पण मला खात्री आहे असं मी म्हणणार नाही. मला हे खरं असायला हवंय, हे तुम्ही लक्षात घ्या."

सर्जन जरासे हसले. "तुम्ही हे सांगितलंत, म्हणून विश्वास बसतोय. असं करू. उद्या मी आधी या फटीच्या बाजूने उघडतो. फट असेल तर अंगठा राहील. नसेल तर नाही. ताईंना हे तुम्ही समजावून सांगा."

ताई पलंगावर पाय लांब करून बसली होती. धाकटीने तिला सगळं सांगितलं; किटली, तीळ, आकडा, कागद. "माझ्यामुळे तुला दोन दिवस उगाच..." ती म्हणाली आणि डोळे पुसू लागली.

ताईला यातलं निम्मंच कळलं होतं, पण नेमकं हवं ते निम्मं कळलं होतं. "म्हणजे तू तो आकडा हवा तसा फिरवला असतास, तर माझा अंगठा अगदी ठणठणीत दिसला असता?"

"हो."

"मग फिरवला का नाहीस गं?"

"चित्रात वाचला असता ताई. हातात नाही."

ताई म्हणाली, "चांगलं केलंस. कापड कमी असलं की टेप ओढून मापात बसवणारे शिंपी मी खूप पाहिलेत. घालायची वेळ आली की कळतं." आणि मग धाकटीच्या डोक्यावर टपली मारून, "आणि पाण्याचं म्हणशील, तर ते गार पाणी सोसायला मी काही म्हैस नव्हे. बरं झालं तापवलंस ते. हात हलला असता तर तुझं ते चित्रही मिळालं नसतं. ऊठ, तोंड धू."

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईला आत नेलं. धाकटी बाहेरच्या बाकावर बसली. आयुष्यभर तिने दुरून आलेल्या खुणांवरून आत काय आहे ते ओळखलं होतं. आज त्या दाराआडून पावलं ऐकू येत, भांड्यांचे आवाज येत, पण त्यावरून तिला काही म्हणजे काही काढता येईना. ताईला तिने मनातल्या मनात किती हाका मारल्या याला गणती नाही.

ताईला बाहेर आणलं तेव्हा ती जागी होती. गुंगीचं थोडं औषध दिलं होतं आणि हात तेवढा बधिर केला होता. तो खांद्यापासून एखाद्या परक्या वस्तूसारखा उशीवर ठेवलेला, पांढऱ्या पट्ट्यांत गुंडाळलेला. सर्जन आत दुसऱ्या रुग्णाकडे होते. ताईला त्यांनी काही सांगितलं असलं तरी त्या गुंगीत ते तिच्या ध्यानात राहिलं नव्हतं.

"बघ गं," ताई म्हणाली. तिची जीभ जड झाली होती. "मला काहीच कळत नाहीये. आहे का?"

धाकटी वाकली. पट्ट्यांच्या टोकाशी चार बोटं होती. तिने मोजायला सुरुवात केली आणि तिलाच मोजता येईना, डोळे इतके भरले. तिने हात पुढे केला आणि चाचपलं. बोटांपासून जरा दूर, पट्टीच्या एका वेगळ्या घडीतून, औषधाने पिवळं झालेलं अंगठ्याचं टोक बाहेर आलं होतं. तिने ते दोन बोटांत धरलं. नखाच्या कडेला सुयांनी टोचून घट्टे पडले होते, तेही लागले. तिला हुंदका आवरला नाही.

ताईला स्पर्श कळत नव्हता. ती धाकटीच्या तोंडाकडे बघत होती. "रडतेस म्हणजे गेला ना?" ती हळूच म्हणाली. "जाऊ दे. रडू नकोस. मला डाव्या हाताने दोरा ओवता येतो आता."

धाकटीने जोरजोरात मान हलवली. "आहे," ती म्हणाली. "ताई, आहे. मी धरलाय."

ताईने डोळे मिटले. तिच्या गालावरून पाणी ओघळून उशीत गेलं. तिने दुसरा, चांगला हात उचलला आणि चाचपडत धाकटीच्या केसांवर ठेवला.

"मग रड बाई," ती म्हणाली. "आता सावकाश रड."